रीसेल फ्लॅट : व्हॅल्युअरच्या ‘रिपेअर्स कॅरीड आउट’ या शेऱ्यावर किती विसंबायचं?

अनुजा_ठाणे

ठाण्यातला एक रीसेल फ्लॅट घ्यायचं चाललं आहे. इमारत १९८९ ची, तळमजला अधिक चार, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. हॉलमधल्या एका कॉलमला आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजच्या स्लॅबला ‘ट्रीटमेंट’ करून घेतली आहे, असं विकणारे सांगतात. वरून पुट्टी आणि रंग झालाय, त्यामुळे बघून काहीच कळत नाही.

बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट आलाय. त्यात लिहिलंय : ‘कंडिशन गुड, रिपेअर्स कॅरीड आउट, रेसिड्युअल लाइफ २३ वर्षं’ (स्थिती चांगली, दुरुस्ती झालेली, उरलेलं आयुष्य २३ वर्षं). एजंट म्हणतो, बँकेनेच तपासलंय, आता आणखी कशाला खर्च करता?

या शेऱ्याचा नेमका अर्थ काय धरायचा? दुरुस्ती नीट झाल्याचं सर्टिफिकेट व्हॅल्युअरकडूनच मागता येतं का? आणि येत नसेल तर ते कोणाकडून, कोणत्या स्वरूपात घ्यायचं?

मूल्यमापन_कट्टा

अनुजाताई, एजंटचं म्हणणं बाजूला ठेवा. बँक व्हॅल्युअरला एकच गोष्ट विचारते : ही मालमत्ता आजच्या बाजारात कितीला जाईल, आणि कर्ज थकलं तर घाईच्या विक्रीत किती सुटतील. बाकी सगळं या आकड्याच्या पोटात येतं.

फ्लॅटच्या भेटीत साधारण काय होतं ते सांगतो. लेझर टेपने कार्पेट एरिया मोजायचा. मंजूर नकाशाशी ताडून बघायचं : बाल्कनी आत घेतलीय का, मधली भिंत पाडलीय का, पोटमाळा वाढवलाय का. चतुःसीमा, मजला, लिफ्ट, पार्किंग, रस्ता. जिओटॅग फोटो. आजूबाजूचे दोन-तीन अलीकडचे व्यवहार आणि रेडी रेकनरचा (सरकारी) दर. अर्ध्या-पाऊण तासात हे उरकतं. हातोडी, कव्हर मीटर (वरूनच सळई शोधणारं यंत्र), अल्ट्रासोनिक यंत्र यातलं काहीही जवळ नसतं, आणि दुसऱ्याच्या घराचं प्लास्टर फोडून बघायचा अधिकारही नसतो.

त्यामुळे ‘रिपेअर्स कॅरीड आउट’ चा अर्थ एवढाच घ्या : भेटीच्या दिवशी उघड्या डोळ्यांना तडा, ओल किंवा उघडी सळई दिसली नाही, आणि घरात हजर असलेल्या माणसाने दुरुस्ती केल्याचं सांगितलं. कोणी केली, कशाने केली, किती खोल केली, यातलं काहीही त्या तीन शब्दांत नाही. रिपोर्टचं शेवटचं पान मागून घ्या. स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी तपासलेली नाही, झाकलेले भाग पाहिलेले नाहीत, रिपोर्ट फक्त बँकेच्या कामासाठी आहे, असा मजकूर बहुतेक रिपोर्टांत तिथे असतो.

२३ वर्षांचा आकडाही तपासणीतून आलेला नसणार. आरसीसी इमारतीचं एकूण आयुष्य ६० वर्षं धरायची मूल्यमापनातली जुनी रीत आहे. १९८९ मध्ये ६० मिळवले की २०४९ येतं, त्यातून चालू साल वजा करा. शेजारी बारीक अक्षरात ‘योग्य देखभाल राहिल्यास’ असं लिहिलेलं असेल. कर्जाची मुदत इमारतीच्या आयुष्यापुढे जाऊ नये म्हणून बँकेला हा आकडा लागतो. तुमचा कॉलम कसा आहे, हे त्यावरून कळत नाही.

पश्चिम_उपनगर

पण पॅनेलवरचे व्हॅल्युअर बहुतेक सिव्हिल इंजिनिअरच असतात ना? मग कॉलमची दुरुस्ती बरी की वाईट हे त्यांना समजू नये?

मूल्यमापन_कट्टा

समजतं. पण सही कोणत्या नात्याने करतोय हे महत्त्वाचं. कंपनी कायदा २०१३ चं कलम २४७ आणि २०१७ चे नियम यांखाली आयबीबीआयकडे (व्हॅल्युअरांची नोंदणी करणारं केंद्रीय मंडळ) ‘जमीन व इमारत’ या वर्गात नोंदणी होते. जुन्या संपत्तीकर कायद्याच्या ३४एबी खालची नोंदणीही बऱ्याच बँका बघतात. या दोन्ही नोंदण्या किंमत ठरवण्यासाठीच्या. इमारत राहण्याजोगी आहे असं लिहून द्यायचं काम महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.

एकाच माणसाकडे दोन्ही नोंदण्या असू शकतात. तरी काम दोन वेळा होतं : नेमणूक वेगळी, भेट वेगळी, चाचण्या वेगळ्या, रिपोर्ट वेगळा. आणि ज्याने स्वतः दुरुस्तीवर देखरेख केली त्यानेच बँकेसाठी किंमत काढू नये. व्हॅल्युअरच्या आचारसंहितेतला स्वतंत्रपणाचा मुद्दा नेमका हाच आहे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : मागू नका. एखाद्याने लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्याच, तरी कॉलममध्ये पुढे काही निघाल्यावर त्या ओळींचा उपयोग होणार नाही.

सळई_सिमेंट

वरचं सगळं बरोबर. रंगाखाली नेमकं काय लपू शकतं ते मी सांगतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या भेटीत ते का कळत नाही हे लक्षात येईल.

कॉलमची दुरुस्ती रीतसर झाली असेल तर क्रम असा असतो. आधी वरचा भार प्रॉप्सवर (तात्पुरत्या टेकूंवर) घेतात. मग सुटलेलं काँक्रीट काढतात, तेही नुसतं पडायला आलेलं नव्हे. सळईच्या मागे २०-२५ मिमी मोकळी जागा होईपर्यंत, म्हणजे सळई सगळीकडून हाताला लागली पाहिजे. सळई वायर ब्रशने किंवा सँडब्लास्टिंगने धातू चकाकेपर्यंत साफ करायची आणि व्हर्नियरने व्यास मोजायचा. हे मोजणं फार वेळा गाळलं जातं. १० मिमीची सळई गंजून ८ वर आली तर ‘दोनच मिमी गेले’ असं वाटतं, पण छेदाचं क्षेत्रफळ ३६ टक्के गेलेलं असतं. ८ ची ६ झाली तर ४४ टक्के. अशा जागी नवी सळई जोडावी लागते आणि तिला दोन्ही बाजूंच्या शाबूत सळईवर लॅप (दोन सळ्या एकमेकींलगत येतील अशी लांबी) द्यावा लागतो, व्यासाच्या साधारण ४० ते ५० पट. १० मिमीच्या सळईला एका बाजूला ४०० ते ५०० मिमी. तेवढं चांगलं काँक्रीटही फोडायला लागतं, आणि इथेच कंत्राटदार हात आखडता घेतो.

पुढे सळईला गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याला धरून ठेवणारा बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. एका थरात १०-१५ मिमी, त्याहून जास्त नाही. जाडी ५० मिमीच्या आसपास किंवा पुढे जात असेल तर शटरिंग बांधून मायक्रो काँक्रीट ओततात. नंतर क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं. मग प्लास्टर, पुट्टी, रंग.

काम संपल्यावर यातली एकही पायरी दिसत नाही. गंजलेल्या सळईवर नुसतं सिमेंट थापून रंग मारला तरी कॉलम दिसायला तसाच.

बिघडतं कुठे तेही सांगतो. बाँडिंग कोट लावून जेवायला गेले आणि तो सुकला, तर धरून ठेवण्याऐवजी तोच दोन थरांना वेगळं करतो. पॉलिमर मॉर्टर एकदम ३० मिमी थापलं तर स्वतःच्या वजनाने ओघळतं आणि मागे पोकळी राहते. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. पॅच उत्तम झाला, पण शेजारचं जुनं काँक्रीट तसंच ठेवलं. काँक्रीटमधला अल्कलीपणा सळईचं रक्षण करतो. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत गेला की तो ९ च्या खाली येतो आणि ते संरक्षण संपतं. पॅचमधली सळई आता सुरक्षित झाली, तिच्याच पुढचा भाग जुन्या, मुरलेल्या काँक्रीटमध्ये राहिला. या फरकामुळे गंज पॅचच्या कडेला जोरात चालतो. दुरुस्तीला लागूनच एक-दोन वर्षांत नवा तडा दिसतो तो बहुधा यामुळे. व्हॅल्युअर येतो तेव्हा रंग नवा असतो, तडा नंतर येणार असतो.

अनुजा_ठाणे

फारच उपयोगी. मग कॉलम न फोडता काय-काय तपासता येईल? विकणारे प्लास्टर काढू देतील की नाही हीच शंका आहे.

सळई_सिमेंट

अगदी काहीही न फोडता :

– छोट्या हातोडीने किंवा नाण्याने कॉलमच्या चारही बाजू आणि स्लॅबची खालची बाजू ठोकत जायचं. पक्क्या जागी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. बद्द जागा खडूने आखून फोटो काढा. फक्त प्लास्टर सुटलं असलं तरी असाच आवाज येतो, त्यामुळे हा निष्कर्ष नव्हे. पुढे कुठे बघायचं ते यातून कळतं.
– कॉलमच्या कोपऱ्याला समांतर उभी रेघ किंवा फुगवटा दिसतो का बघा. कोपऱ्यातली सळई गंजून फुगली की तडा तिच्या रेषेतच जातो. पीओपीचं बॉक्सिंग किंवा लाकडी पॅनेलिंग असेल तर तेवढं उघडायला सांगा.
– कव्हर मीटर प्लास्टरवरूनही चालतो. सळ्या कुठे आहेत, किती खोल आहेत ते कळतं. प्लास्टरची जाडी वजा करायला विसरायचं नाही.

थोडं प्लास्टर काढू दिलं तर, म्हणजे साधारण ३० गुणिले ३० सेंटीमीटरच्या दोन-तीन खिडक्या :

– रिबाउंड हॅमर. इथे जपून. तो वरच्या थराचा कडकपणा मोजतो. पॉलिमर मॉर्टरवर मारला तर आकडा पॅचचा येतो, आतल्या काँक्रीटचा नाही. जुनं, कार्बनेट झालेलं (कार्बन डायऑक्साइड मुरलेलं) काँक्रीट वरून कडक होतं, त्यामुळे तिथेही आकडा फुगतो. नुसत्या हॅमरच्या वाचनांवर कोणी ‘ओके’ लिहून दिलं तर मानू नका.
– अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी. काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते यात मोजतात. समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या मिळाल्या तर उत्तम. वेग सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर साधारण बरं, खाली असेल तर शंका. जॅकेटिंग (कॉलमभोवती चढवलेला नवा थर) आणि जुना गाभा यांच्यामध्ये फट असली तरी वेग पडतो, म्हणून दुरुस्त केलेल्या कॉलमसाठी ही चाचणी विशेष कामाची.
– हाफ-सेल पोटेन्शियल. सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेतात. कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडने वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. एका जागी सळईला वायर जोडावी लागते, म्हणजे एक छोटं भोक आलंच.
– फिनॉल्फ्थॅलिन. ताज्या फोडलेल्या जागी फवारायचं. गुलाबी झालं तर अल्कलीपणा शिल्लक आहे, रंग आला नाही तर काँक्रीट तेवढ्या खोलीपर्यंत मुरलंय. ही खोली कव्हरइतकी (सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीइतकी) झाली असेल तर गंज सळईच्या दारात आहे असं समजा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी माझ्या मते हीच.

कोअर (चाचणीसाठी काँक्रीटचा दंडगोल तुकडा) काढायचा असेल तर तो सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय नाही. कॉलम फ्लॅटमालकाच्या हॉलमध्ये असला तरी इमारत त्यावर उभी आहे. कोअरचं भोक नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटने त्याच दिवशी भरून घ्यायचं.

कर्ज_खिडकी

बँकेच्या बाजूने दोन गोष्टी.

एक : घर घेण्याच्या कर्जात टेक्निकल रिपोर्ट, म्हणजे व्हॅल्युअरचाच रिपोर्ट, बँकेची रक्कम सुरक्षित आहे का एवढंच बघतो. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. ३० ते ७५ लाखांत ८० टक्के, ३० लाखांपर्यंत ९० टक्के. हा फरक बँकेसाठी उशी आहे. कॉलमच्या दुरुस्तीला पुढे चार लाख लागले तर बँकेची उशी जराशी दबते, पण चार लाख मालकाच्या खिशातून जातात. ‘बँकेने पास केलं म्हणजे घर चांगलं’ हे गणित म्हणूनच चुकतं. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली जी कमी ती बँक धरते. नवीन मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, वॉलपेपर यांना व्हॅल्युएशनमध्ये जवळपास काही मिळत नाही.

दोन : दुरुस्तीसाठीच वेगळं कर्ज काढलं तर व्हॅल्युअर पुन्हा येतो, पण त्याचं काम बदलतं. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचं एस्टिमेट वाजवी आहे का, आणि टप्प्यानुसार किती टक्के काम झालं, एवढं तो बघतो. पैसे त्या टक्क्यांवर सुटतात. ‘७० टक्के काम पूर्ण’ हा प्रमाणाचा शेरा आहे. दर्जाबद्दल त्यात काही नसतं.

इथे हमखास होणारी अडचण : सळई साफ करून, लेप लावून, मॉर्टर थापूनही झालं आणि मग व्हॅल्युअरला बोलावलं. त्याला दिसते ताजी भिंत. तो फोडकाम आणि सळईच्या कामाची नोंद करू शकत नाही आणि हप्ता अडकतो. म्हणून झाकायच्या आधीचे फोटो काढा, टेप फ्रेममध्ये ठेवून, खोलीचा कोपरा किंवा खिडकी ओळखू येईल असे. बिलं जीएसटीची, त्यावर आयटमवार परिमाण : इतके चौरस मीटर पॉलिमर मॉर्टर, इतके किलो सळई. ‘सिव्हिल वर्क लमसम’ असं एका ओळीचं बिल बँकेत चालत नाही आणि पुढे कंत्राटदाराशी वाद झाला तर तिथेही चालणार नाही.

जाता जाता : दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट स्वतः राहत्या घरासाठी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच, तीही जुन्या करपद्धतीत. घर घेण्याच्या कर्जाची दोन लाखांची मर्यादा इथे लागू होईल असं समजून हिशेब मांडू नका.

सचिव_डोंबिवली

सोसायटीच्या दप्तराकडे कोणीच वळलं नाही म्हणून लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

१९८९ ची इमारत तीस वर्षं ओलांडून गेलीय. मुंबईत महापालिका कायद्याच्या ३५३बी कलमाखाली, इतर महापालिकांत २६५ए खाली, अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट नोंदणीकृत इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींना पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा ऑडिट. तेव्हा ऑडिट रिपोर्ट असलाच पाहिजे. नसेल तर तीच मोठी माहिती समजा.

रिपोर्टमध्ये वर्ग बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मग तुमच्या फ्लॅटच्या खाली आणि वर त्याच कॉलम लाइनवर काय शेरे आहेत ते वाचा. कॉलम तळापासून गच्चीपर्यंत एकच असतो; दुसऱ्या मजल्यावर नवा आणि पार्किंगमध्ये सळ्या उघड्या, तर त्या दुरुस्तीला अर्थ नाही.

सोसायटीने मोठी दुरुस्ती काढली असेल तर कागद असे निघतात : सर्वसाधारण सभेचा ठराव, पीएमसीची (कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागाराची) नेमणूक, बीओक्यू (कामांची परिमाणांसह यादी), कंत्राट, मोजमापाची एमबी (वही), आरए बिलं (काम होईल तशी दिलेली), वापरलेल्या मालाची टेस्ट सर्टिफिकेट्स, काम संपल्यावर कन्सल्टंटचं स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट आणि दोषदायित्व कालावधीचं (कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीचं) पत्र. रिटेन्शनची (कंत्राटदाराच्या बिलातून राखून ठेवलेली) रक्कम अजून सोसायटीने धरून ठेवली असेल तर उत्तम. कंत्राटदार परत येऊन काम करतो.

फ्लॅटमालकाने एकट्याने खासगीत ‘ट्रीटमेंट’ केली असेल तर सोसायटीला कळवल्याचं पत्र आहे का विचारा. प्रॉप्स न लावता कॉलम फोडला असेल तर प्रश्न त्या एका फ्लॅटचा राहत नाही.

नो-ड्यूज मागताना दुरुस्ती वर्गणीची थकबाकी, आणि सभेत मंजूर झालेली पण अजून न लावलेली वर्गणी, दोन्ही लेखी घ्या. दुसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

पश्चिम_उपनगर

आणि परवानगी? घरातल्या दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागते असं काहीजण म्हणतात, लागत नाही असं काहीजण.

सचिव_डोंबिवली

मुंबईपुरतं सांगतो. तिथे कायद्याच्या ३४२ कलमात ‘टेनंटेबल रिपेअर्स’ (परवानगी न लागणाऱ्या राहण्याजोग्या दुरुस्त्या) ची व्याख्याच आहे. प्लास्टर, रंग, पॉइंटिंग, फरशी बदलणं, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, वायरिंगच्या वस्तू, त्याच मालाचं छप्पर, एवढंच काय स्ट्रक्चरल भागांना गनायटिंगसुद्धा (सिमेंटचं मिश्रण दाबाने फवारणं) यात बसतं. बसत नाही ते : स्ट्रक्चरल भाग काढणं किंवा बदलणं, लोड-बेअरिंग भिंत काढणं, उंची-रुंदी बदलणं, फरशीची पातळी खाली नेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं.

व्हॅल्युअर यातलं भिंत आणि पोटमाळा नकाशावरून ओळखतो आणि नोंदवतो, कारण त्याने किंमत आणि कायदेशीरपणा बदलतो. बाकीचं त्याच्या रिपोर्टात येणार नाही.

कोबा_ते_कोटिंग

पॅसेजच्या स्लॅबबद्दल. बाथरूमबाहेरचा स्लॅब खराब झाला तर दोष बहुतेक वेळा वरच्या फ्लॅटच्या न्हाणीत असतो. खालून स्लॅबला कितीही उत्तम पॉलिमर लावलं आणि वरच्या नहाणी ट्रॅपचा (न्हाणीतलं पाणी निचरायच्या तोंडाचा) सांधा तसाच गळत राहिला, तर पाणी नव्या थराच्या मागे साठतं. म्हणून विचारायचं ते असं : वरच्या फ्लॅटचं वॉटरप्रूफिंग झालं का, कधी, आणि पाणी साठवून चाचणी केली का?

चाचणी म्हणजे नहाणी ट्रॅप बुच मारून बंद करायचा, सखल भागात दोन इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि ४८ तास थांबायचं. खालून स्लॅब आणि भिंतीचे सांधे सुरुवातीला, २४ तासांनी आणि ४८ तासांनी बघायचे, तिन्ही वेळचे फोटो. ही चाचणी टाइल्स लावायच्या आधी करतात, टाइल्सनंतर पुन्हा एकदा केली तर आणखी चांगलं. ट्रॅपभोवतीची आणि पाइप भिंतीतून जातो तिथली जागा सगळ्यात आधी फुटते.

ओलाव्याचा पिन मीटर घेऊन कोणी आलं तर आकड्याला भुलू नका. ते मीटर मुळात लाकडासाठी बेतलेले. प्लास्टरवर क्षार असले तर कोरड्या भिंतीतही आकडा चढतो. एकाच भिंतीवर वर-खाली वाचनं घेऊन तुलना केली तरच त्यातून काही कळतं.

आणि महिना बघा. व्हॅल्युअरची भेट मार्च ते मे मध्ये झाली असेल तर बाहेरच्या भिंतीची गळती त्याला दिसणं शक्यच नाही. पश्चिमेच्या भिंतीवर जूनपासून मारा सुरू होतो आणि ओल आत यायला दोन-चार जोरदार सरी लागतात. ‘नो लीकेज ऑब्झर्व्ह्ड’ या ओळीशेजारी भेटीची तारीख वाचल्याशिवाय तिला किंमत देऊ नका.

एडिसन_एनजे

इकडे अमेरिकेत हीच सीमारेषा कागदावर स्पष्ट आखलेली आहे, म्हणून तुलनेसाठी. एफएचए (गृहकर्जाला विमा देणारी सरकारी संस्था) कर्जात अप्रेझर (तिकडचा व्हॅल्युअर) घर बघताना ठरावीक किमान गोष्टी तपासतो : १९७८ आधीच्या घरात सोललेला रंग (शिशाच्या भीतीने), छताचं किमान दोन वर्षं आयुष्य शिल्लक आहे का, वीज-पाणी-गॅस चालू आहे का, माळ्यात आणि खालच्या क्रॉल स्पेसमध्ये (घराखालच्या बुटक्या पोकळीत) निदान डोकं-खांदे आत घालून बघणं. काही कमी आढळलं तर किंमत ‘दुरुस्ती झाल्यास’ या अटीवर देतो. दुरुस्तीनंतर त्याची फेरभेट होते आणि तो १००४डी नावाचा फॉर्म भरतो : मूळ रिपोर्टात लिहिलेली अट पूर्ण झालेली दिसते की नाही. फोटो जोडतो. संपलं.

पाया, वायरिंग किंवा छताच्या रचनेबद्दल शंका असेल तर तो स्वतः निकाल देत नाही, त्या विषयाच्या तज्ज्ञाची तपासणी मागतो. कर्ज देणारा मग त्या तज्ज्ञाचं पत्र फाइलला लावतो. काम कोडप्रमाणे झालं का, हे टाउनशिपचा इन्स्पेक्टर परमिट बंद करताना बघतो. आणि खरेदीदाराने स्वतःच्या पैशाने होम इन्स्पेक्शन करून घ्यावं, असं सांगणारा एफएचएचाच कागद कर्ज देणारा त्याच्या हातात देतो. अप्रेझल म्हणजे घराच्या स्थितीची हमी नव्हे, हे त्यात सरळ लिहिलेलं असतं.

मूल्यमापन_कट्टा

भारतात ‘दुरुस्ती झाल्यास’ अशी अट व्हॅल्युअर घालू शकतो आणि काहीजण घालतातही, पण बहुतेक बँकांच्या छापील नमुन्यात त्यासाठी वेगळा रकाना नसतो. शेरे या रकान्यात लिहिलं की ते कोणी वाचत नाही. हे बदलायला हवं असं मनापासून वाटतं.

व्हॅल्युअर कशाला जबाबदार आहे तेही सांगतो, नाही तर वाटेल आम्ही सगळंच झटकतोय. न जाता रिपोर्ट देणं, क्षेत्रफळ चुकीचं मोजणं, डोळ्यांसमोर असलेला तडा, ओल किंवा जिन्यात चिकटवलेली धोकादायक इमारतीची नोटीस न लिहिणं, दुसऱ्याच फ्लॅटचे फोटो लावणं. यात पळवाट नाही, अशा वेळी बँकेकडे लेखी तक्रार करायलाच हवी.

अनुजा_ठाणे

सगळ्यांचे आभार. आता शेवटचे दोन प्रश्न. विकणाऱ्यांना पत्रात नेमकं काय लिहू? आणि स्वतंत्र इंजिनिअरचा रिपोर्ट वाईट आला तर तो बँकेला द्यायचा की नाही? एजंट म्हणतो, दिला तर कर्ज अडकेल.

सळई_सिमेंट

पत्रात ‘दुरुस्तीचे सर्व कागद द्यावेत’ असं मोघम नको. असं लिहा : “हॉलमधील कॉलम व पॅसेजच्या स्लॅबच्या दुरुस्तीबाबत (१) काम केल्याचा महिना व साल, (२) कंत्राटदाराचे आयटमवार बिल, (३) देखरेख करणाऱ्या इंजिनिअरचे नाव व नोंदणी क्रमांक, (४) काँक्रीट काढल्यानंतरचे व सळई साफ केल्यानंतरचे फोटो, (५) सोसायटीला दिलेल्या पत्राची पोच, (६) वॉरंटी पत्र, ही कागदपत्रे द्यावीत. तसेच आमच्या खर्चाने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करण्यास व त्यासाठी तीन ठिकाणी ३० गुणिले ३० सेंमी प्लास्टर काढण्यास परवानगी द्यावी. प्लास्टर व रंग आम्ही पूर्ववत करून देऊ.” शेवटचं वाक्य आवर्जून घाला, नकार द्यायचं एक कारण तरी कमी होतं.

चौथ्या कागदावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. चांगला कंत्राटदार उघड्या सळईचे फोटो काढतोच, बिलासाठी त्यालाच ते लागतात.

इसारपावती अजून झाली नसेल तर तिच्यात अट घालून घ्या : तपासणीत स्ट्रक्चरल दोष निघाला तर इसाराची रक्कम परत, किंवा इंजिनिअरच्या अंदाजाइतकी किंमत कमी. मसुदा वकिलाला दाखवून. पैसे दिल्यानंतर ही अट कोणी घालू देत नाही.

कर्ज_खिडकी

रिपोर्ट बँकेला द्या. अर्जात माहिती लपवली नाही असं तुम्ही सही करून देता, आणि वीस वर्षांचं कर्ज तुमच्या डोक्यावर असतं, एजंटच्या नाही. दोष दुरुस्त होण्याजोगा असेल तर बहुधा व्हॅल्युएशन थोडं खाली येतं किंवा शेवटची रक्कम दुरुस्तीनंतर सुटते. हाच रिपोर्ट विकणाऱ्यांशी किमतीची बोलणी करायलाही उपयोगी पडेल. इमारतच सी-१ निघाली तर कर्ज नाकारलं जाईल, आणि तसं झालेलंच बरं.

द्यायची पद्धत : व्हॅल्युअरला थेट फोन करू नका. त्याला बँकेने नेमलंय, ग्राहकाच्या सांगण्यावरून तो रिपोर्ट बदलू शकत नाही, बदलूही नये. शाखेच्या कर्ज अधिकाऱ्याला ईमेल करा. विषयात अर्ज क्रमांक, सोबत इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट, चाचण्यांची मूळ वाचनं आणि फोटो. मजकुरात एकच विनंती : ‘टेक्निकल टीमने हा रिपोर्ट पाहून फेरभेट ठरवावी.’ फेरभेटीचं शुल्क वेगळं पडू शकतं, ते आधी विचारून घ्या. आणि सँक्शन लेटरची (कर्जमंजुरीच्या पत्राची) मुदत कधी संपते ते आजच बघा. चाचण्या, रिपोर्ट आणि फेरभेट यात दोन-तीन आठवडे सहज जातात. मुदत कमी पडत असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज त्याच ईमेलला जोडा.